सुभेदारांची साफसफाई

माधवनगरला आमच्या आळीत गजराचं घड्याळ कुणाला लागत नसे. सकाळी साडेपाचला सुभेदार ओकायचे. आधी पितळी तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज, मग घटाघट पाणी पिण्याचा, मग थोडी शांतता, आणि मग त्यांच्या मागच्या मोरीतून असा काही आवाज यायचा की आळीत नवीन आलेला भाडेकरू पहिल्या दिवशी अनवाणी धावत सुटायचा. आम्ही जुनी माणसं कूस बदलायचो आणि म्हणायचो, चला, दूध तापवायला ठेवा.

याला ते वमन म्हणत. कोमट पाण्यात मीठ टाकायचं, सहा तांबे गळ्याशी येईपर्यंत प्यायचे, घशात दोन बोटं घालायची आणि प्यायलेलं सगळं परत करायचं. फौजेत असताना उत्तरेकडच्या कुठल्याशा छावणीजवळ एका बाबानं त्यांना हे शिकवलं होतं. "बाई, माणूस म्हंजे रायफल," ते मला समजावत. "रोज नळी साफ केली न्हाई तर येळंला अडकती."

मी शाळेत मराठी शिकवायचे म्हणून मी बाई. ते सुभेदार होऊन रिटायर झाले म्हणून ते सुभेदार. त्यांचे वडील कोरेगावकडचे, मिलमध्ये नोकरीला म्हणून माधवनगरला आले आणि इथलेच झाले. उसाची जमीन तिकडं भावकीत राहिली. माणूस उंच, ताठ, बनियनलासुद्धा इस्त्री करणारा. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं कारण त्यांच्या मते पोटात असे. आळीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा सगळे हळहळत होते आणि सुभेदार म्हणाले, "मुलाच्या बापाचं त्वांड बघितलं का? आठ दिस साफ झालेला न्हाई त्यो." लाईट गेली की ते वायरमनच्या पोटावर यायचे.

आता हसते, पण लग्न होऊन या आळीत आले तेव्हा मी या माणसाची पहिली शिष्या होते, हे कबूल केलं पाहिजे. चोवीस वर्षांची होते. बी.एड. नुकतंच झालेलं, वेणीत अबोली, पर्समध्ये दोन पेनं आणि आपल्याला सगळं कळतं अशी ठाम समजूत. शाळेची तपासणी होती आणि नेमक्या हनुवटीवर दोन पुटकुळ्या आलेल्या. त्या बयेला वाटलं, साहेब धडा ऐकायचं सोडून पुटकुळ्याच बघत बसणार. सुभेदार तेव्हा नुसते हवालदार, सुट्टीवर आलेले. तिनं कुंपणावरून त्यांना उपाय विचारला. ते म्हणाले, "सा तांबं. मग बोटं घाला. उद्या चेहरा आरशावानी." बया सहा तांबे प्यायली. बोटं घालायचा मात्र धीर झाला नाही. तशीच साडी सावरत शाळेत गेली, पाचवीच्या वर्गात साहेबांसमोर उभी राहिली आणि क्रियाविशेषण शिकवायला तोंड उघडलं. पुढचं सगळं साहेबांच्या बुटांवर. अहवालात 'शिक्षिका उत्साही आहेत' असा शेरा आला. तो मी कितीतरी वर्षं कौतुक समजून जपून ठेवला होता.

सुभेदारांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "आलं न्हवं भाईर? मग काम झालं."

असं होतं बघा. या माणसाला काही सांगायला जावं तर तो आपल्यालाच औषध द्यायचा. चाळीसहून जास्त वर्षं मी त्यांच्यावर वैतागले. कुंपणावरून वैतागले, गणपतीच्या मंडपात वैतागले, त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून वैतागले. त्यांची बायको, सुमनवहिनी, शांत बाई. ती हळूच म्हणायची, "जाऊ द्या हो, नळी साफ हाय, पर गोळी सुटतीच की." ती त्यांच्या रागाबद्दल बोलत असे. रोज पहाटे पोट धुणाऱ्या या माणसाच्या पोटातून एकच गोष्ट कधी धुऊन निघाली नाही, ती म्हणजे राग.

त्यांचा एकुलता एक मुलगा महेश. एकोणीस वर्षांचा असताना त्याला त्यांनी कोल्हापूरला सैन्यभरतीला पाठवलं. पोरगं मैदानावर जाऊन रांगेत उभं राहिलं आणि धावायची पाळी येण्याआधीच परत आलं. दुपारी बापलेक जेवायला बसले. महेश म्हणाला, "आबा, मी धावलोच नाही. मला हॉटेलातला स्वयंपाक शिकायचाय." सुभेदारांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "ऊठ ताटावरनं."

"आवं, जेवू तरी द्या त्याला," वहिनी म्हणाल्या.

"ऊठ म्हनलं न्हवं."

महेश उठला, हात धुतला आणि गेला. आमच्याकडे जेवत्या माणसाला ताटावरून उठवत नाहीत. भांडण असेल तर ते हात धुतल्यावर करतात. तो गेला तो वीस वर्षं गेला. नाशिकला एका बेकरीत लागला, पुढे स्वतःची बेकरी काढली, लग्न केलं. मधे आई वारली तेव्हा आला, सगळे विधी केले आणि तेराव्याला संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. तेरा दिवस भिंतीपलीकडून मी कान देऊन होते. बाप मुलाला काही बोलला नाही, मुलगा बापाला काही बोलला नाही. तेरा दिवस नुसती भांडी वाजत होती.

त्यानंतर घरात एकटे सुभेदार. मी म्हणायचे, पोराला फोन करा.

"नंबर न्हाई."

"मी देते."

"चष्मा सापडंना."

"मी लावून देते."

मग ते पाठीमागे हात बांधून अंगणात दोन फेऱ्या मारायचे आणि म्हणायचे, "बाई, त्यो राग माझ्यात हाय तवर मी बोललो तर वंगाळच बोलनार. आदी राग भाईर काडतो. मग बोलतो."

"वीस वर्षं काढताय."

"जुना हाय. खाली बसलाय."

दोन वाक्यांचा फोन. तेवढ्यासाठी हा माणूस रोज सहा तांबे ओकत होता, आणि मी रोज पलीकडे दूध तापवत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एकदा सकाळी सुभेदार हुकूमनामा वाचून दाखवायला आल्यासारखा मोबाईल समोर धरून आमच्या ओसरीवर आले. कोरेगावजवळ त्यांच्या चुलतभावाच्या शेतात एक मोठी शेड आहे. ती पुण्याच्या कुणी माणसानं शिबिरासाठी घेतली होती आणि भावकीच्या व्हॉट्सॲपवर जाहिरात आली होती. साठलेला राग, दुःख आणि दुर्दैव एका सकाळीत शरीराबाहेर. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या आदिवासींची प्राचीन विद्या. खाली एका हिरव्यागार बेडकाचा फोटो.

"बेडूक हाय," सुभेदार म्हणाले. "त्येच्या अंगावरचा चीक. डागायचं आन लावायचं. अर्ध्या तासात सगळं भाईर. मी चाळीस वर्सं सादं पानी पीत बसलो, बाई. हितं रायफल साफ करायला माझ्याकडं फडकं हुतं आन तिकडं त्येंच्याकडं तेल हाय."

"आपल्या विहिरीत आहेत की बेडूक. त्यातला एक पकडून घासा."

"चेष्टा नगो. राग भाईर येतो म्हंत्यात."

माझी नात सांगलीला कॉलेजात शिकते. तिला मी त्या बेडकाबद्दल शोधायला सांगितलं, आणि तिनं वाचून दाखवलं ते सगळं नीट ऐकून घेतलं. तो बेडूक खरा आहे. रात्री झाडावरून ओरडतो, त्या आवाजावरून तिथली माणसं त्याला शोधतात. चारी पाय दोऱ्यांनी ताणून बांधतात, अंगावर सुटलेला चीक काडीनं खरवडून बांबूच्या पट्टीवर वाळवतात आणि बेडकाला परत सोडून देतात. दंडावर किंवा छातीवर जळत्या काडीनं बारीक बारीक डाग द्यायचे, वरची कातडी काढायची, आणि चीक पाण्यात कालवून त्या ठिपक्यांवर लावायचा. काही क्षणांत छाती धडधडते, तोंड सुजतं, पोटात कळा येतात, ओकारी होते. ओसरलं की अंग हलकं वाटतं म्हणतात. तिथले शिकारी हे शिकारीआधी घेतात. शिकार मिळेनाशी झाली की माणसाला काहीतरी चिकटलंय, नशीब आळसावलंय असं ते मानतात, आणि ते चिकटलेलं निघावं म्हणून हा खटाटोप. कुणाला किती ठिपके द्यायचे हे घरातलं जाणतं माणूस ठरवतं, ज्यानं त्याला लहानपणापासून पाहिलेलं असतं. हे ऐकून मला त्या लोकांबद्दल काही वाईट वाटलं नाही. त्यांचं जंगल, त्यांचा बेडूक, त्यांचा मामा-काका लावणारा. नातीनं शेवटी हेही वाचलं की शहरांतल्या असल्या शिबिरांत माणसं दगावली आहेत. कुणाचं हृदय बंद पडलं, कुणी पाणी फार प्यायलं.

मी सुभेदारांना सगळं सांगितलं. वर मी म्हणाले, "ती माणसं शिकारीला जायच्या आधी घेतात. तुम्ही कुठं निघालाय, डुकरं मारायला?"

"पोराला फोन करायचा हाय," ते म्हणाले. "ती काय साधी शिकार हाय?"

यावर मला हसू आलं आणि तिथंच माझी चूक झाली. हसलेल्या बाईचं कोण ऐकतो? खरं म्हणजे त्याच वेळी त्यांच्या हातातून मोबाईल काढून घेऊन नाशिकला लावायला हवा होता. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती, सोबत लघवी जास्त व्हावी म्हणून देतात ती पाण्याची गोळी होती, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. मीठ बंद म्हणजे सगळीकडून बंद, असा त्यांनी स्वतःच हुकूम काढून सकाळच्या वमनाच्या पाण्यातलंही मीठ बंद केलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं? त्यांच्याबरोबर गेले. आमचे हे म्हणाले, "तू कशाला जातेस?" मी म्हणाले, "मेले तर सांगायला कुणीतरी पाहिजे." हे ऐकायला बरं वाटतं. खरं कारण, मला तो बेडूक बघायचा होता. चोवीस वर्षांच्या त्या बयेला मी नावं ठेवते, पण ती कुठं गेलेली नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून, हातात डबा घेऊन ती विटामार्गे कोरेगावच्या एसटीत खिडकीशी बसली होती.

मुक्काम भावकीत झाला. सकाळी आठला उपाशीपोटी शेडमध्ये. चारी बाजूंनी ऊस, आत चटया, प्रत्येक चटईसमोर एक बादली. पुण्यामुंबईची आठ-नऊ माणसं, सगळी तरुण, सगळी इस्त्री केल्यासारखी गोरीगोमटी. शिबिर घेणारा चाळिशीचा, केसांचा अंबाडा घातलेला, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. बेडूक नव्हताच. एक बांबूची पट्टी होती, तिच्यावर पिवळट चकाकी. वार्निश लावून ठेवल्यासारखी. मी इतकी निराश झाले की काय सांगू.

एक फॉर्म होता. कुठला आजार? कुठली औषधं? सुभेदारांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'शेप वन'. फौजेत पूर्ण तंदुरुस्त माणसाला हा शेरा देतात. त्यांना तो तीस वर्षांपूर्वी मिळाला होता. मी मधे बोलले, "यांना बीपीची गोळी आहे. पाण्याचीही आहे." अंबाड्यानं सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार म्हणाले, "ह्या शेजारीन हायत. ह्यांचं मनावर घिऊ नका." आणि त्यानं घेतलं नाही. असल्या जागी म्हाताऱ्या बाईचा आवाज पंख्याच्या आवाजाइतका धरतात.

प्रत्येकानं आधी दोन लिटर पाणी प्यायचं होतं. पोरं दुसऱ्या बाटलीला रडकुंडीला आली. सुभेदारांनी बाटली बाजूला ठेवली आणि तांब्या मागितला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या विद्येला सभा मिळाली होती. ते चार लिटर तरी प्यायले, तेही बिनमिठाचं, आणि पोरांना म्हणाले, "गळ्याशी आल्याबिगार पानी प्यालं म्हनायचं न्हाई." एकदोघांनी टाळ्या वाजवल्या.

दंडावर अगरबत्तीसारख्या काडीनं पाच ठिपके. त्यावर तो ओला चीक. मिनिटभरात सुभेदारांचा चेहरा लालबुंद झाला. मग ओठ फुगले, डोळ्यांच्या फटी झाल्या, गाल वर आले. मला वाटलं होतं तसा बेडूक मला दिसला खरा. मग ओकारी सुरू झाली. ती त्यांना नवीन नव्हती, पण या वेळी पाय थरथरत होते. पोरं अर्ध्या तासात ओसरून चटईवर आडवी झाली. सुभेदार मात्र पुन्हा तांब्या मागत होते. "अजून पिवळं आलं न्हाई," ते म्हणाले. "तळाला हाय. आना पानी." दोन तांबे. आणखी दोन. मी तांब्या धरला तर माझा हात झटकला.

तासाभरानं ते पाणी मागायचे थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी कोन?"

अंबाडा हळू आवाजात म्हणाला, "साठलेलं निघतंय. होऊ द्या, काकू. अडवू नका."

आता एक गोष्ट मला माहीत होती, जी त्याला माहीत नव्हती. आधल्या वर्षी आमच्या ह्यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, उतरलं होतं. तेव्हा तेही असेच बोलायला लागले होते. मला माझ्या सासूच्या नावानं हाक मारली आणि कपाटात बैल बांधा म्हणाले. आमच्या वयाच्या प्रत्येक घरात हे सोडियम एकदा तरी येऊन गेलेलं असतं. मी उठले आणि वर्गात वापरायचा आवाज लावला. "गाडी आणा. साताऱ्याला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता." अंबाड्याचं हळू बोलणं त्या आवाजाखाली कुठं गेलं कळलं नाही. चुलतभावानं बोलेरो काढली.

कोरेगाव ते सातारा, त्या अर्ध्या तासात सुभेदारांचं सुजलेलं डोकं माझ्या खांद्यावर होतं. एवढा ताठ माणूस, मानेत कणा नसल्यासारखा. रस्त्यात मधेच त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "म्हेश्या." मी म्हणाले, "मी बाई." त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "म्हेश्या, मुडद्या, उपाशीच गेलास की रं. माजं चुकलं. ताट तसंच हाय बग. बस. खा."

त्यांनी हात आणखी घट्ट धरला. "बस म्हनलं न्हवं."

मग मी म्हणाले, "बसलो, आबा."

त्यांनी हात सैल सोडला. दवाखान्याच्या दारात त्यांना झटका आला, दात आवळले, आणि मग स्ट्रेचर, काचेची दारं आणि मी बाहेर.

डॉक्टर तरुण होते, वैतागलेले होते, आणि मला त्यांचा वैताग फार आवडला. म्हणाले, पाणी पोटभर, मीठ नाही, वर पाण्याची गोळी, आणि त्यात त्या विषानं लघवी धरून ठेवली असणार. मेंदूला सूज आलीय. मीठ हळूहळू चढवायचं, घाई केली तर आणखी धोका. मी बाकावर बसले आणि जो फोन सुभेदारांनी वीस वर्षं केला नाही तो मी एका मिनिटात केला. दुसऱ्या दिवशी दुपारी महेश आला. चाळिशीला आलेला, पोट सुटलेला, बापासारखी चाल.

तिसऱ्या दिवशी सुभेदार शुद्धीवर आले. सूज उतरली होती. पलंगाच्या पायाशी महेश उभा. मी दाराशी. मला वाटलं, आता होणार. वीस वर्षांचं ते आता सुटणार.

सुभेदारांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुला कुनी बोलवलं?"

"काकूंनी."

"त्यांना उद्योग न्हाई."

महेश बाहेर व्हरांड्यात आला. मी त्याच्यामागे गेले आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. त्या बुटांवरच्या प्रकरणापेक्षा मोठी. मी म्हणाले, "महेश, गाडीत ते तुझ्याशीच बोलत होते. म्हणाले, बाळा, मला क्षमा कर. मी तुझ्यावर फार अन्याय केला."

तीस वर्षं निबंधांतल्या चुका दुरुस्त करायची सवय. मुडद्या हा शब्द मरणाच्या दारात असलेल्या बापाच्या तोंडी मला शोभेना. ताट, उपाशी, बस, खा, हे सगळं मला फार साधं वाटलं. म्हणून मी त्याला इस्त्री केली.

महेश हसला. वाईट हसला. "क्षमा? आबा? काकू, शाळेत स्नेहसंमेलनाची नाटकं तुम्हीच बसवायचा ना?"

"अरे, खरंच बोलले."

"बोलले असतील. तुमचा हेतू चांगला आहे."

मी खरे शब्द तिथंच सांगायला हवे होते. पण आता शब्द बदलले तर दोन्ही खोटे ठरणार, असं माझ्या त्या सुशिक्षित डोक्यात आलं. बापाला घरी सोडून तो नाशिकला गेला. पुढे फोनवर मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यानं "बेकरीत गर्दी आहे, काकू" म्हणून ठेवला.

आणि सुभेदार? खडखडीत. पंधरा दिवसांनी कुंपणाशी उभे. "बेडूक लागू पडला, बाई. राग गेला. आता मी कुनावर चिडत न्हाई." हे सांगताना ते पेपरवाल्यावर ओरडत होते.

"मग करा फोन."

"करनार की."

मी त्यांना सांगितलं, गाडीत तुम्ही असं असं म्हणालात. त्यांना मात्र मी अक्षरशः सांगितलं, मुडद्यासकट. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मी? शक्य न्हाई. तुमच्या कानात मळ झालाय. कोमट तेल घाला."

बापाला खरे शब्द सांगितले, त्याचा विश्वास बसला नाही. मुलाला खोटे सांगितले, त्याचाही बसला नाही. मधे मी, पोस्टमनसारखी, आणि पत्र कुणी घेईना. एकदा दुपारी मी हट्टानं फोन लावून त्यांच्या कानाला धरला. पलीकडून महेश "हॅलो" म्हणाला. पुन्हा "हॅलो". सुभेदारांनी तो माझ्या हातातून घेतला आणि लांब धरून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "रेंज न्हाई," आणि फोन माझ्या हातात दिला. रेंज पूर्ण होती. मी त्या दिवशी त्यांच्याशी इतकी भांडले की आमचे हे मला हाताला धरून घरी घेऊन आले.

सुभेदार चैत्रात गेले. दुपारचं जेवण झालं, खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. बेडकाचा काही संबंध नाही म्हणाले. मी विचारलं होतं.

महेश आला. या वेळी बायको आणि मुलीला घेऊन आला. तेराव्याचं जेवण त्यानं आचाऱ्याला सांगितलं नाही, स्वतः केलं. अंगणात चूल मांडून सकाळपासून उभा होता. भावकी जेवली, आळी जेवली. सगळ्यांना वाढून झाल्यावर तो आमच्या ओसरीवर आला आणि पायरीवर बसला. अंगाला फोडणीचा वास. खांद्यावरच्या पंचानं हात पुसले. मग म्हणाला, "काकू, तेव्हा गाडीत नक्की काय म्हणाले होते?"

"तुला सांगितलं ते मी बनवलं होतं," मी म्हणाले.

"ते कळलंच होतं. खरं सांगा."

मी सांगितलं. एक अक्षर बदललं नाही. त्यांचा आवाजही काढला, जमेल तसा. म्हेश्या, मुडद्या, उपाशीच गेलास की रं. माजं चुकलं. ताट तसंच हाय बग. बस. खा.

मुडद्या शब्दाला त्याची मान खाली गेली. लहानपणी दिवसातून दहा वेळा ती हाक आमच्याकडे भिंतीतून ऐकू यायची. तो पायरीच्या फरशीकडे बघत होता. म्हणाला, "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणाले, बसलो, आबा."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "बरं केलंत."